कोटणीसांच्या घराला नुसता हार नको

महोदय,

भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. त्याआधी कैलास-मानसरोवर यात्राही मार्गी लागली होती. व्हिसा, व्यापार, सीमा यांवर रकानेच्या रकाने येतात, पण आमच्या भैय्या चौकातल्या एका घराचा उल्लेख कुठेच दिसला नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मी बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. त्यांनाही एवढंच माहीत असायचं : आपल्या गावचा डॉक्टर चीनला गेला आणि तिथेच वारला. पुढचं विचारलं की वर्गात चिडीचूप.

पुढचं खरं तर फार मोठं आहे. १९३८ साली जपानी हल्ल्याने चीन होरपळत होता. तिथून मदतीची हाक आली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते. आपण स्वतः गुलाम, दिल्लीत आपलं सरकार नाही, आपला राजदूत कुठल्याच देशात नाही. तरीही लोकांच्या वर्गणीतून डॉक्टर गेले! ‘सांस्कृतिक राजनय’ (म्हणजे कला, शिक्षण, सेवा यांतून दुसऱ्या देशाशी नातं जोडणं) असा जड शब्द हल्ली कानावर येतो, तेव्हा मला हे पथक आठवतं. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या तिथल्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. शस्त्रक्रिया तर केल्याच, पण चिनी शिकून त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं. हे मला सर्वांत मोठं वाटतं. टाके घालायला भाषा लागत नाही, शिकवायला लागते. तिथेच परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले, तेव्हा वय अवघं ३२ आणि मुलगा काही महिन्यांचा.

छिंगलानबाई माझ्याच पेशातल्या, म्हणून त्यांच्याविषयी जरा जास्त माया. नवरा गेल्यावरही त्यांनी सासरशी नातं तोडलं नाही, भारतात येत राहिल्या. भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर महापालिकेने दुरुस्त करून जानेवारी २०१२ मध्ये स्मारक म्हणून खुलं केलं. त्याच वर्षी बाई वारल्या.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणतात, “अक्का, गलवानमध्ये आपले २० जवान गेले आणि तुम्हाला चीनचा पुळका?” पुळका नाही. सीमेवरचं सैन्याने पाहावं, सरकारने पाहावं, आणि कडकच पाहावं. पण १९६२ नंतर १९७६ पर्यंत दोन्ही देशांत एकमेकांचे राजदूतसुद्धा नव्हते, आणि सीमेचा प्रश्न तसाच लोंबकळत असताना १९८२ मध्ये चीनने कोटणीसांवर टपाल तिकीट काढलं. आपण काढलं १९९३ मध्ये! चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओ २००६ मध्ये मुंबईत आले, तेव्हा कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटले. यात त्यांचं राजकारण नसेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही. पण मग आपणही थोडं करावं की.

आपल्याकडे काय होतं? १० ऑक्टोबरला जयंती, ९ डिसेंबरला पुण्यतिथी, हार, दोन भाषणं, फोटो. मोठा पाहुणा आला की शाल-श्रीफळ. (सोलापुरात शाल का, हे मला आजवर कळलेलं नाही. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. मोर काढलेली जेकार्डची चादर पाहुण्याच्या खांद्यावर घाला, जन्मभर वापरेल.) गाडी वळली की सगळं शांत.

शिजियाझुआंग शहरात कोटणीसांची समाधी आहे, शिवाय त्यांच्या चिनी नावाचं एक वैद्यकीय विद्यालयही आहे. तिथे शिकणारी मुलं आणि आमच्या सिव्हिलच्या वॉर्डात ड्युटी करणाऱ्या मुली, दोघांचं वय तेच, गणवेश तसाच, रात्रपाळीची भीतीही तीच. यांनी एकमेकांना पत्रं लिहावीत, एवढी साधी कल्पना घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. साहेबांनी चहा पाजला, कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “मॅडम, हा विषय कोणत्या लेखाशीर्षात बसतो?” म्हणजे खर्च सरकारी हिशेबाच्या कोणत्या खात्यात टाकायचा! कागद तिथेच राहिला.

१९५० पासून दिल्लीत भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आहे. तिच्यामार्फत नर्तक जातात, गायक जातात, जावेतच. पण आमच्या शहराच्या पूर्वभागातल्या ज्या मुली घरी तेलुगू, बाजारात कानडी आणि वर्गात मराठी बोलतात, त्यांना चौथी भाषा जड जाणार नाही. आपल्या विद्यापीठाने चिनीचा छोटा अभ्यासक्रम काढावा, स्मारकात चिनी भाषेतली माहिती लावावी, आणि ती वाचून दाखवायला याच मुली उभ्या कराव्यात.

ते होईल तेव्हा होवो. निदान पत्रांचं तरी येत्या जयंतीपूर्वी व्हावं. महापालिकेने किंवा वैद्यकीय महाविद्यालयाने त्या विद्यालयाशी एकदा अधिकृत संपर्क साधून परवानगी मिळवावी. पत्रं मुली लिहितील, तपासायला मी बसेन. टपालखर्च आम्ही निवृत्त सिस्टर मिळून भरू, लेखाशीर्ष लागणार नाही.

– एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, सोलापूर