पहिल्या फेरीत बाद, मग पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाल्या की क्रीडापानावर ‘अमुक कॉलेज पहिल्या फेरीत बाद’ अशी ओळ येते. त्या संघातल्या मुलींचा अख्खा मोसम त्या ओळीत संपलेला असतो. मी पुण्यातल्या एका कॉलेजात क्रीडा संचालक होते, कबड्डीचा संघ माझ्याकडे असे. दौंडहून पहाटेच्या गाडीने येणारी मुलगी जुलैपासून चिखलात सराव करायची, घरच्यांची बोलणी खायची आणि स्पर्धेत पाऊण तासात बाहेर व्हायची. नीकॅप काढता काढता विचारायची, “मॅडम, पुढची मॅच कधी?” पुढच्या वर्षी, एवढंच सांगता यायचं. शेवटच्या वर्षाच्या मुलीला तेही सांगता येत नसे.

माझा भाचा अमेरिकेत युटा राज्यात असतो. त्याच्यामुळे तिथल्या कॉलेजांचं अमेरिकन फुटबॉल पाहू लागले. तिथे बहुतेक कॉलेजं कुठल्या ना कुठल्या लीगमध्ये असतात. निम्म्याहून अधिक सामने लीगच ठरवून देते, टीव्हीचे पैसेही तिच्यामार्फत येतात. प्रोवो गावची ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी मात्र 2011 ते 2022 या काळात फुटबॉलमध्ये स्वतंत्र होती. म्हणजे प्रत्येक सामना तिच्या क्रीडा संचालकांनी, टॉम होल्मो यांनी, समोरच्या कॉलेजशी बोलून ठरवायचा.

2020 मध्ये कोविड आला. मोठ्या लीगनी बाहेरच्यांशी खेळणं बंद केलं आणि या संघाचे ठरलेले बहुतेक सामने रद्द झाले. लीग नसलेल्या संघानं त्या वर्षी घरी बसायचं, असंच कुणालाही वाटलं असतं. होल्मोंनी नव्यानं वेळापत्रक उभं केलं. सप्टेंबरात नौदल अकादमीला तिच्याच मैदानावर 55-3 असं हरवून सुरुवात झाली. डिसेंबरात दुसऱ्याच एका संघात कोविड निघाल्यामुळे कोस्टल कॅरोलिना हे कॉलेज प्रतिस्पर्ध्याविना राहिलं. गुरुवारी सामना जाहीर झाला, शनिवारी, 5 डिसेंबरला, खेळला गेला. तोही तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर! घोषणा व्हायच्या आधीच सामानाचा ट्रक रस्त्याला लागला होता. ब्रिगहॅम यंग तो सामना 22-17 असा हरली. अखेरच्या क्षणी त्यांचा खेळाडू गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे पकडला गेला, मध्यरेषेला बोट लागता लागता चढाईपटूची पकड व्हावी तसा. मोसमातली ती एकमेव हार, बाकी अकरा सामने त्यांनी जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, झॅक विल्सन पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. सामनेच झाले नसते तर त्याला कुणी पाहिलं असतं?

त्यांच्याकडे पैसा आहे, विमानं आहेत, हे मला माहीत आहे. पण गरवारे, फर्ग्युसन, एस. पी. ही कॉलेजं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. शनिवारी दुपारी एकानं दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन खेळायला विमान लागत नाही. लागतात दोन पंच, गुणलेखक, फक्की मारलेलं मैदान आणि प्राचार्यांची सही. यातली सहीच सगळ्यात अवघड. “विद्यापीठाच्या स्पर्धेत नाही ना, मग खर्च कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा?” हे वाक्य मी इतकं ऐकलंय की अजून कानात बसलं आहे. अभ्यासक्रम स्वतः आखण्याची स्वायत्तता आपल्या अनेक कॉलेजांनी मिळवली. मग आपल्या संघाचे सहा-सात सामने स्वतः ठरवायला कुणाची हरकत असावी? विद्यापीठाची स्पर्धा होऊ द्या, आंतरविभागीय संघही तिथूनच निवडा. पण तिच्या आधी आणि नंतर मुलांना खेळायला मिळालं पाहिजे.

माझी शहरातल्या क्रीडा संचालकांना कळकळीची विनंती आहे. येत्या जूनमध्ये, प्रवेशाची धामधूम सुरू व्हायच्या आत, एकत्र बसा आणि निदान कबड्डी व खो-खोचे शनिवार ठरवून टाका. तो तक्ता आपण क्रीडापानावर छापावा. पंचांच्या मानधनाचा प्रश्न आला तर आमच्यापैकी काही निवृत्त मंडळी फुकट उभी राहतील. मी पहिल्याच शनिवारी येते.

– एक निवृत्त क्रीडा संचालक, कर्वेनगर, पुणे