विकायच्या बाटलीबरोबर तिचा खरा इतिहासही द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाइनच्या लिलावाची बातमी आली की आकडा तेवढा ठळक छापून येतो आणि बाकीचं राहून जातं. 2018 साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या रोमाने-कॉन्ती या वाइनची, 1945 च्या हंगामातली एक बाटली 5 लाख 58 हजार डॉलरला गेली, हे पुष्कळांनी वाचलंय. ती बाटली तिथले वाइन व्यापारी रोबेर द्रुएँ यांच्या स्वतःच्या तळघरातून आली होती हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. त्यांच्या घराण्याकडे फ्रान्समध्ये त्या वाइनच्या विक्रीचे हक्क होते, म्हणजे बाटली कुठून आली आणि कुठे पडून होती यात शंकेला जागाच नव्हती. 1945 मध्ये जेमतेम 600 बाटल्या झाल्या होत्या, दुर्मिळपणाचे पैसे तर मिळालेच, पण तीच बाटली अनोळखी कपाटातून निघाली असती तर तो आकडा कुणी उच्चारलाही नसता.

हे लिहायचं कारण असं की मी स्वतः वाइन जमवतो, आणि हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात की घरात नको असलेल्या बाटल्या पडल्यात, विकायच्या कशा. कुणाची आवड बदललेली असते, कुणाला डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेलं असतं, कुणाला घर लहान घ्यायचं असतं, कुणाकडे वडिलांचं कलेक्शन आलेलं असतं आणि घरात पिणारं कुणीच नसतं. या सगळ्यांना पहिला प्रश्न असतो किती मिळतील. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याआधी बाटली इतकी वर्षं कशी ठेवली होती हे स्वतःशी नीट आठवा आणि घेणाऱ्याला ते जसंच्या तसं सांगा, कारण बंद बाटलीत घेणाऱ्याला आतलं काहीच दिसत नाही, तो तुमच्या शब्दावर पैसे देतो.

वाइन बाटलीत गेली की निवांत पडून असते असं वाटतं, पण तसं नाहीये. साधारण 12-13 अंश सेल्सियस, हवेत 60-70 टक्के ओलावा, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच आतून ओलं राहतं, अशी ठेवली तर ती सावकाश मुरते. उन्हाळ्यात खोली तापली की आतली वाइन फुगते, बुचाला बाहेर ढकलते, कडेने थोडी झिरपते, मग थंड झाल्यावर आकसते आणि तेवढी हवा आत ओढून घेते. असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर लेबल कितीही मोठ्या नावाचं असो, आतली वाइन मेलेली असते. फ्रिजच्या वरचं कपाट आणि दिवाणखान्यात दिव्याखाली उभी मांडलेली बाटली या दोन जागा सगळ्यात वाईट. 1985 मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची म्हणून 1787 ची एक बाटली 1 लाख 5 हजार पौंडाला विकली गेली, नंतर ती प्रदर्शनात दिव्याखाली उभी ठेवली आणि बूच सुकून आत पडलं. ती मुळात खरी होती का यावर पुढे केवढं मोठं प्रकरण झालं तो भाग वेगळाच.

जाणकार माणूस बाटली हातात घेतली की आधी पातळी बघतो. वाइन मानेपर्यंत आहे की खांद्याच्या वर, मध्ये की खाली. फ्रान्सच्याच बोर्दो भागातल्या बाटलीला सरळ खांदा असतो म्हणून तिथे असं सांगता येतं, बर्गंडीच्या बाटलीचा खांदा उतरता असतो म्हणून तिथे बुचापासून किती सेंटिमीटर खाली ते मोजतात. चाळीस वर्षांची वाइन खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत उतरली तर त्यात काही विशेष नाही, पण दहा वर्षांच्या बाटलीत तीच पातळी दिसली की समजायचं कुठेतरी गरम झालीय किंवा बूच गळतंय. बूच वर आलंय का, वरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे का, हेही बघतात. लेबलला ओलीचे डाग असले तर घाबरू नका आणि कृपया पुसून, घासून स्वच्छ करायला जाऊ नका, दमट तळघराची ती खूण असते आणि बऱ्याच खरेदीदारांना ती चालते. मूळ लाकडी खोकं असेल तर तेही बाटल्यांसोबत द्या, बारा बाटल्यांचं न उघडलेलं खोकं म्हणजे त्या सगळ्या एकत्रच राहिल्या याचा पुरावा असतो. खरेदीच्या पावत्या, बाटल्या ठेवायच्या तळघराचं भाडं भरल्याच्या पावत्या, सगळं जोडा. आणि मधली पाच वर्षं बाटल्या साध्या कपाटात होत्या, तर ते लिहून द्या. भाव कमी येईल, येऊ दे.

आता सगळ्याच बाटल्या विकायच्या लायकीच्या नसतात हेही लोकांना पटत नाही. जगात बनणारी बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवलेली असते, ती जुनी झाली म्हणून तिची किंमत वाढत नाही. चांगल्या बोर्दो, बर्गंडी, बारोलो, व्हिंटेज पोर्ट, मदेरा, काही शॅम्पेन अशा थोड्याच वाइन टिकतात आणि त्यांनाच दुसऱ्या हाताचा बाजार आहे. त्यातही वर्षाचा फरक मोठा असतो, 1982 ची बोर्दो लोक शोधत असतात, दोनच वर्षांनंतरच्या 1984 च्या वाटेला सहसा कुणी जात नाही. उरलेल्या बाटल्या उघडा, प्या, मित्रांना द्या, पडून ठेवून त्या सुधारणार नाहीयेत.

भाव बघताना दुकानाने लावलेली किंमत बघून हिशोब करू नका. ती मागणी असते, ती कुणी दिलीच असं नाही, शिवाय कुठे त्यात कर धरलेला असतो कुठे नसतो. लिलावात खरोखर कितीला गेली ते आकडे बघा, तेही अलीकडचे. आणि त्यातही बातमीत बऱ्याचदा खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलाव घर बोलीवर त्याच्याकडून जास्तीचे घेतं ते पैसे, मिळवून आकडा देतात, मोठ्या लिलाव घरांत हा प्रीमियम 20 टक्क्यांच्या वर जातो, तो विकणाऱ्याला मिळत नाही. त्यात विकणाऱ्याकडून वेगळं कमिशन, कधी विमा, कधी फोटोचे पैसे, वाहतूक. हे सगळं सही करायच्या आधी लेखी मागून घ्या, आणि रिझर्व्ह किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो आकडा, तीही ठरवून घ्या, नाहीतर बाटली न विकता परत आली तर परतीचा खर्च कुणाचा यावरून वाद होतात. डीलरला एकरकमी दिलं तर पैसे लवकर येतात पण कमी येतात, कारण पुढची जोखीम त्याची असते. मला यात गैर काही वाटत नाही, ज्याला घाई आहे त्याने तेच करावं. फक्त बाटल्या भर उन्हाळ्यात पाठवू नका, इतकी वर्षं जपलेली वाइन गाडीत एका दुपारी उकडून जाते.

एक गोष्ट फार जण विसरतात. स्वतःच्या पैशाने घेतलेली बाटली असली तरी बऱ्याच देशांत लायसन्सशिवाय दारू विकता येत नाही, मग ती एकच का असेना. ओळखीच्या ओळखीत परस्पर विकायच्या आधी आपल्याकडचा कायदा बघा, लायसन्स असलेलं लिलाव घर किंवा डीलर मध्ये असेल तर हा प्रश्न येत नाही. ब्रिटनमध्ये ज्यांच्या बाटल्या बॉन्डेड गोदामात, म्हणजे कर न भरलेला माल ठेवायच्या अधिकृत गोदामात आहेत त्यांचं तर फारच सोपं असतं, कर भरायच्या आधीच तिथल्या तिथे मालक बदलतो आणि ठेवणीची नोंद अखंड राहते. एकदा घरी आणली की ती साखळी तुटते, म्हणून विकायची शक्यता असलेलं खोकं हौसेने घरी आणू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

नकली बाटल्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने अमेरिकेत वर्षानुवर्षं बनावट वाइन विकली. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडून आलेल्या बर्गंडीतल्या पोन्सो घराण्याच्या क्लो सां-दनी या वाइनच्या बाटल्यांवर 1945 पासूनची वर्षं होती, आणि ती वाइन त्या घराण्याने बनवायला सुरुवातच 1980 नंतर केली होती. त्या घराण्याचे लोराँ पोन्सो स्वतः तिथे पोचले आणि त्या बाटल्या लिलावातून काढायला लावल्या. 2012 मध्ये कुर्नियावानला अटक झाली तेव्हा घरात लेबलं, बुचं, शिक्के असा कारखानाच सापडला, आणि 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून खरेदीदार जास्त प्रश्न विचारतात, आणि प्रामाणिक विकणाऱ्याला त्याचा राग येतो, माझ्यावर संशय घेता का म्हणून. राग धरू नका. तो प्रश्न विचारतोय म्हणजे त्याला ती बाटली खरंच उघडून प्यायची आहे. ज्याला कुठून आली, कशी ठेवली याच्याशी काही देणंघेणं नाही, तो बहुतेक वेळा ती पुढच्याच्या गळ्यात मारणार असतो.

संपादक साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. लिलावाची बातमी छापताना हातोडा पडला तेव्हाची किंमत, म्हणजे शेवटची बोली, आणि प्रीमियम वेगवेगळे द्या, आणि बाटली कुणाच्या तळघरातून आली तेही एका ओळीत द्या. आणि ज्यांच्या घरी मोठ्या नावाच्या वाइन उघडल्या जातात त्यांना माझं सांगणं, रिकामी बाटली आणि बूच तसंच टाकू किंवा विकू नका, नकली माल भरणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं, लेबलवर मार्करने जाड रेघ ओढा किंवा बाटली फोडून टाका.

आपला,
एक वाचक