मार्का स्वातंत्र्याच्या सत्तावन्न वर्षे आधीचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जगातील बंद पडलेल्या चलनांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. त्यात फिनलंडच्या मार्का या चलनाला जेमतेम दोन वाक्ये मिळाली आहेत: १९१७ मध्ये स्वतंत्र झाल्यावर या देशाने आपले चलन सुरू केले आणि २००२ मध्ये ते ‘स्थिर’ चलन युरोसाठी सोडून दिले. यातील पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसऱ्यातील ‘स्थिर’ हे विशेषण इतिहासाला धरून नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या संग्रहात १८७४ सालचा एक मार्का आहे, चांदीचा, आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून थोडासाच मोठा. त्याच्या एका बाजूला रशियाच्या झारचा दोन डोक्यांचा गरुड आहे. मात्र त्याच्या छातीवरील ढालीत फिनलंडचा सिंह आहे आणि नाण्यावरील अक्षरे फिन्निश भाषेतील आहेत. शुद्ध चांदीच्या एका पौंडात अशी ९४.४८ नाणी होतात, असे त्या अक्षरांतून नाणे स्वतःच सांगते. फिनलंड १८०९ पासून रशियन साम्राज्यातील स्वायत्त प्रांत होता आणि झार दुसरा अलेक्झांडर याने ४ एप्रिल १८६० च्या फर्मानाने त्याला स्वतःचे चलन दिले. एक मार्का म्हणजे पाव रुबल, आणि एका मार्क्याचे शंभर पेनी. (आपल्याकडे मार्का म्हणजे छाप; तिकडे तो शब्द मध्ययुगातील एका वजनावरून आला.) मराठवाड्यात ज्यांच्या घरी एकेकाळी हाली (निजामाचा रुपया) आणि कलदार (इंग्रजांचा रुपया) असा दुहेरी हिशोब चालला, त्यांना साम्राज्याच्या आत राहून वेगळा पैसा असणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही.

तथापि १८६० मध्ये मिळाले ते फक्त नाव. क्रिमियाच्या युद्धानंतर कागदी रुबलच्या बदल्यात चांदी मिळेनाशी झाली होती आणि त्याच्याशी बांधलेला मार्काही त्याच्याबरोबर घसरत होता. सिनेटमध्ये अर्थखाते सांभाळणारे तत्त्वज्ञ योहान विल्हेल्म स्नेलमन यांनी १८६५ मध्ये मार्का थेट चांदीशी जोडून घेतला आणि कागदी रुबल फिनलंडच्या व्यवहारातून बाजूला केला. याची किंमतही जबर होती. बाजारात पैसा आखडला, त्यातच पिके बुडाली. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात देशाची सुमारे ८ टक्के लोकसंख्या दगावली, आणि चलन सावरण्याच्या धोरणामुळे परदेशातून धान्यासाठी कर्ज काढायला उशीर झाला, हा आरोप स्नेलमन यांच्या नावाला कायमचा चिकटला. पुढे त्यांचेच चित्र नोटेवर आले, हेही खरे.

आता ‘स्थिर’ या शब्दाविषयी. १८७८ मध्ये मार्का सोन्याला जोडला गेला, त्याची किंमत फ्रेंच फ्रँकइतकी ठरली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तो खरोखर स्थिर होता, म्हणजे नेमका स्वातंत्र्यापूर्वी! त्या काळी डॉलरला ५.१८ मार्के पडत. १९५७ च्या अवमूल्यनानंतर ३२० पडू लागले. कागद आणि लाकूड यांच्या निर्यातीवर जगणाऱ्या या देशात कारखान्यांचा खर्च परवडेनासा झाला की चलनाची किंमत खाली आणायची, असा जणू पायंडाच पडला होता.

सर्वांत विलक्षण प्रसंग १ जानेवारी १९४६ चा. युद्धानंतरची महागाई रोखण्यासाठी ५००, १००० आणि ५००० मार्क्यांच्या नोटा लोकांनी स्वतःच कात्रीने मधोमध कापायच्या, असा हुकूम निघाला. डावा तुकडा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निम्म्या किमतीला दुकानात चालत असे, तर उजवा तुकडा म्हणजे सरकारला सक्तीने दिलेले कर्ज, ज्याची परतफेड १९४९ मध्ये झाली. बँकेतील ठेवींना मात्र हात लावला नव्हता. त्यामुळे आधीच कुणकुण लागलेल्यांनी नोटा बँकेत भरल्या आणि कात्री लागली ती घरात रोकड ठेवणाऱ्यांना. महागाईही त्यानंतर थांबली नाही. अखेर १९६३ मध्ये दोन शून्ये उडवून शंभर जुन्या मार्क्यांचा एक नवा मार्का करावा लागला. त्या नव्या मार्क्याचेही १९६७ मध्ये आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये अवमूल्यन झाले, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये तर त्याचा दर बाजारावरच सोडून द्यावा लागला. यानंतर १९९९ मध्ये एका युरोला ५.९४५७३ मार्के हा दर कायमचा गोठवला गेला, तेव्हा फिनलंडने काय सोडले हे या इतिहासासह वाचायला हवे.

बँक ऑफ फिनलंड जुन्या नोटा २९ फेब्रुवारी २०१२ पर्यंत बदलून देत होती, त्यामुळे २००२ हे वर्षही शेवटचे मानता येत नाही. निदान १९१७ हे साल दुरुस्त करून १८६० असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक, परभणी