आई, तू घोडा निघालीस!

चेंगडू,
3 फेब्रुवारी 2026

ती. आईस सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, एवढी चिनी शिकतेस ती बोलतेस तरी कोणाशी? ऑफिसात नाहीच, तिथे सगळं इंग्रजीत चालतं. माझी शाळा भरते बिल्डिंगखालच्या भाजीबाजारात आणि मास्तरीणबाई आहेत शेजारच्या आयी. आयी म्हणजे मावशी. आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला इथे हीच हाक. (हाक मारताना तूच आठवतेस, ते वेगळं.)

क्लासात शिकवतात ती प्रमाण चिनी. बाजारात मात्र इथल्या सिच्वान प्रांताची बोली, आणि हे लोक 'श'चा 'स' करतात. त्यामुळे चार आणि दहा जवळजवळ सारखेच ऐकू येतात, फरक उरतो फक्त सुराचा. म्हणून भाजीवाली भाव सांगता सांगता बोटंही दाखवते. चारला चार बोटं, दहाला दोन तर्जन्यांची फुली, सहाला अंगठा आणि करंगळी. भाव किलोचा नसतो, जिनचा असतो, म्हणजे अर्ध्या किलोचा. एवढं कळलं की निम्मा बाजार जिंकलास.

मसाल्याच्या दुकानात आयींनी पोत्यातलं एक लालसर टरफल चिमटीत धरून माझ्या हातावर ठेवलं, चाव म्हणाल्या. चावलं. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग ओठ थरथरायला लागले, जीभ बधिर. "मा!" आयी म्हणाल्या. त्या मुंग्यांना इथे 'मा' म्हणतात आणि मिरचीच्या तिखटाला 'ला'. हे दोन शब्द मला पाठ करावे लागलेच नाहीत. कारण आई, हे आपलं तिरफळ! अगदी तेच नव्हे, पण चुलत भावंड. दोघांचंही शास्त्रीय नाव झँथोझायलमनेच सुरू होतं. काळी बी टाकून नुसती सालं घ्यायची, हेसुद्धा तुझ्यासारखंच. आपण बांगड्याच्या तिखल्यात चार टाकतो, हे लोक मूठभर टाकतात. इथे हनयुआन नावाच्या भागातलं सगळ्यात नावाजलेलं, पूर्वी राजदरबारी जायचं म्हणे. मिरची इथेही पाहुणीच, अमेरिकेतून आलेली. ती येण्याआधी चरचरीतपणाची बरीचशी भिस्त ही सालं आणि आलं यांच्यावर होती. मी आयींना आपल्या तिखल्याचा फोटो दाखवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, नारळ कशाला?

रविवारी त्या मला पीपल्स पार्कात चहाला नेतात. बांबूच्या खुर्च्या, बशी-वाटी-झाकण असा तीन तुकड्यांचा पेला, आणि एका चहावर दुपार काढायची. गरम पाणी पुन्हा पुन्हा मिळतं. कान कोरणारे चिमटा टणटण वाजवत फिरतात. मी अजून कान दिलेला नाही. त्याच बागेत एका कोपऱ्यात आईबाप मुलांची माहिती कागदावर लिहून लावतात: वय, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. पोरं स्वतः क्वचितच दिसतात. चिनी वाचनाचा सराव मी तिथेच करते. 'उंची' आणि 'पगार' ही अक्षरं आता लांबून ओळखते. एका काकूंनी मलाच थांबवून वय विचारलं, तेव्हा आयींनी "हिचं झालंय" म्हणून त्यांना वाटेला लावलं.

पण वय असं सरळ विचारणारे थोडे. बरेचजण विचारतात, तुझा प्राणी कोणता? बारा वर्षांचे बारा प्राणी, त्यावरून वय आपोआप निघतं. आयींनी तुझा विचारला. 1966 म्हटल्यावर त्यांनी क्षणात सांगितलं, घोडा! आणि 17 फेब्रुवारीला लागणारं नवं वर्षही घोड्याचंच. नुसता घोडा नव्हे, अग्नीचा घोडा. यांच्याकडे दहाचं एक (अग्नी त्यातला) आणि बारा प्राण्यांचं एक अशी दोन चक्रं एकत्र फिरतात, त्यामुळे तीच जोडी साठ वर्षांनीच परत येते. मी लगेच दाते पंचांग काढलं. आपली संवत्सरंही साठच ना! पाडव्याला लागणारं पराभव संवत्सर तुझ्या जन्माच्या वेळीही होतं. मोडक्यातोडक्या चिनीत मी आयींना षष्ट्यब्दी समजावली, आणि इतका वेळ त्यांनी मला एकदाही दुरुस्त केलं नाही, नुसत्या ऐकत राहिल्या.

एक अडचण आहे. स्वतःच्या प्राण्याचं वर्ष इथे जपून राहण्याचं मानतात आणि त्यावर उपाय म्हणजे लाल कपडे. तेही दुसऱ्याने दिलेले हवेत. म्हणून आयींनी तुझ्यासाठी लाल मोज्यांचे दोन जोड दिलेत. कुडाळच्या उकाड्यात मोजे कोण घालतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. तू निदान घालून एक फोटो पाठव, त्यांना दाखवायला.

बाल्कन्यांतून सध्या सॉसेजं वाळत घातली आहेत, सगळ्या मजल्यांवर तिरफळाचा वास आहे. पुढच्या आठवड्यात लोक गावाला जातील, बाजार ओस पडेल.

श्रावणातली शांत कुठल्या दिवशी करायची ते बाबांना भटजींकडून नक्की करून घ्यायला सांग. रजेचा अर्ज मला फार आधी टाकावा लागतो. आणि येताना न्यायला थोडी तिरफळं वाळवून ठेव, आयींना चावायला द्यायची आहेत.

तुझी,
चिमी