आवाज आमच्या खिडकीपाशी मोजा

माननीय पर्यावरणमंत्री, गोवा राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी शिवोलीत राहतो. भजनाला पेटी वाजवतो, जत्रेच्या नाटकाला साथीला बसतो. तेव्हा उघड्यावरचे गाणे-बजावणे बंद करा, असे मी मागणार नाही. घुमटाला 2019 साली वारसा वाद्याचा मान देणाऱ्या राज्यात ते कुणी मागूही नये.

गेल्या डिसेंबरात एका रात्री साडेनऊला आजारी वडिलांच्या उशाशी बसलो होतो. बाहेरच्या कार्यक्रमातले शब्द ऐकू येत नव्हते, सूरही नाही. नुसते धम् धम्. फळीवरची स्टीलची भांडी थरथरत होती. "हे कधी थांबायचे रे?" वडील पुन्हा पुन्हा विचारत होते. तक्रार केली. माणसे आली, रस्त्यावर यंत्र धरले, आकडा मर्यादेत आहे म्हणाली आणि गेली.

ती खोटे बोलली असे मला वाटत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे, पण ती 'ए' मापनाची. हे मापन खर्जाचा आवाज कमी धरते. 63 हर्ट्झच्या खोल खर्जाला तर सुमारे 26 डेसिबल वजाच करते. माणसाच्या गळ्याला याने फारसा फरक पडत नाही. सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, सारा जोर मात्र तिथेच असतो, आणि नेमका तोच आवाज भिंतींतून, कौलांतून घरात शिरतो. 'सी' मापनात तो जवळजवळ पूर्ण पकडला जातो. चांगल्या ध्वनिमापकावर तीही सोय असते. मग दोन्ही आकडे नोंदवा, आणि तक्रार करणाऱ्याच्या घरी येऊन नोंदवा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता वाकून खाली येतो, शापोरा नदीच्या पाण्यावरून, शेतांवरून लांबवर पोचतो. रस्त्यावरच्या यंत्राला ते कसे कळावे?

दुसरी गोष्ट माझ्या जिवाभावाची. जत्रेचे नाटक पूर्वी पालखी देवळात परतल्यावर सुरू व्हायचे आणि तांबडे फुटेपर्यंत रंगायचे. आता दहाला ध्वनिक्षेपक बंद, म्हणून आम्ही अंक कापतो, नाट्यपदे गाळतो. नियम मी मानतो. वाड्यावर आजारी माणसे आमचीही आहेत. पण याच नियमांनुसार सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्या तारखा हंगामाआधीच जाहीर करा आणि त्यांत गावच्या जत्रांचाही विचार होऊ द्या. तारीख आधी कळली तर माणूस आजाऱ्याला त्या रात्रीपुरते बहिणीकडे नेईल, परीक्षेच्या मुलाची सोय करील. अचानक आदळणाऱ्या आवाजाने माणसे चिडतात, आणि मग सरसकट सगळ्याच संगीतावर राग काढतात. त्यात भरडतो आमच्यासारखा साथीदार.

परवाना देतानाच सबवूफर कुठे, कोणत्या दिशेला आणि किती, हे आराखड्यावर लिहून घ्या. वस्तीकडे तोंड केलेला स्पीकर एकदा सुरू झाला की वळवायला कुणी जात नाही.

ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्याआधी यंत्र घेऊन कुणाला तरी पाठवा. वडिलांच्या खोलीची खिडकी नदीकडे उघडते. पहिली मोजणी तिथे घ्या.

आपला,
शिवोलीतील एक पेटीवादक