फोटोसोबत उताराचा आकडाही छापा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत जगातल्या निसर्गरम्य पायवाटांवर आलेला लेख आवडीने वाचला. फोटो सुरेख होते. प्रत्येक वाटेखाली किलोमीटर आणि दिवस दिले होते, पण चढ-उताराचा आकडा एकाही वाटेखाली नव्हता. पत्र लिहायला बसले ते तेवढ्यासाठीच.

मी साठीची आहे, ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गेली काही वर्षे आम्ही दोघी पाठीवर सॅक घेऊन आठ-दहा दिवसांच्या वाटा चालतो. पहिली वाट अशाच एका फोटोवरून निवडली होती. निळेशार तळे, त्यात बर्फाच्या सुळक्यांचे प्रतिबिंब. मों ब्लाँ पर्वताची प्रदक्षिणा! फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश आणि सुमारे १७० किलोमीटर. आम्ही १७० ला ११ दिवसांनी भागले, रोजचे साडेपंधरा आले, आणि एवढे तर सहज चालू म्हणून निश्चिंत झालो. ही वाट एकूण सुमारे १०,००० मीटर चढते, आणि फिरून मूळ जागी येते म्हणजे तितकीच उतरतेही. हे वाचलेले होते, पण त्याचा गुडघ्यांशी संबंध आम्ही जोडला नव्हता.

तो शेवटच्या दिवशी जोडला गेला. ब्रेव्हाँचे शिखर २,५२५ मीटरवर आणि खालचे लेझूश गाव साधारण १,००० मीटरवर. दीड हजार मीटरचा सलग उतार. समोर अख्खा मों ब्लाँ उभा होता, पण ताईने तो पाहिलाच नाही. तिची नजर बुटांपुढच्या हातभर जमिनीवर. आधी काठी खाली टेकवायची, तिच्यावर भार द्यायचा, अंग आडवे करून उजवा पाय खाली, मग डावा त्याच दगडावर. पुन्हा काठी. दोन तासांनी ती बसली तेव्हा तिची मांडी बसल्या जागी थरथरत होती. मी हात ठेवला तरी थांबेना. संध्याकाळी बूट काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी. ब्रेव्हाँवरून शामोनीत उतरायला रोपवे आहे. तिथेच वाट सोडली असती तर काही बिघडले नसते, पण तो पर्याय आम्ही आधीच्या रात्री नकाशावर पाहून ठेवला नव्हता आणि शेवटचा दिवस सोडायचा कसा, हे मनातून जाईना.

चढताना दम लागतो, पण थांबले की तो ओसरतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा आणि सॅकचा भार पेलत असतो. तो थकला की पाच मिनिटांच्या विसाव्याने ताजा होत नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वाट निवडताना सर्वांत मोठा उतार कोणत्या दिवशी आहे, ते आधी पाहावे, असे मी कळकळीने सांगते.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजूनही कामाला येतो. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. यात विसावा धरलेला नाही, उतारही नाही. आम्ही येणाऱ्या वेळेत निम्मा वेळ आणखी मिळवतो आणि बेरीज सात तासांवर गेली की त्या टप्प्याचे दोन करतो. खरे तर नुसत्या हिशोबानेही भागत नाही, पायाखाली काय आहे तेही पाहावे लागते. स्कॉटलंडच्या १५४ किलोमीटरच्या वेस्ट हायलँड वाटेवर लॉख लोमंड सरोवराच्या काठाने इन्व्हरस्नेडपासून पुढचे दहा-अकरा किलोमीटर झाडांची मुळे आणि खडक चढण्या-उतरण्यातच गेले. आम्हाला सहा तास लागले. पुढे रॅनॉक मूरच्या मोकळ्या माळावरचा त्याहून लांब टप्पा जुन्या गाडीरस्त्याने पाच तासांत झाला, तोही मध्ये दोनदा निवांत बसून. मे महिन्यात गेलो होतो. सरोवराकाठच्या झाडीत निळ्या ब्लूबेलची फुले होती, आणि उन्हाळ्यात तिथे हैराण करणाऱ्या मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या अजून सुरू झाल्या नव्हत्या. म्हणून महिनाही छापावा. मों ब्लाँच्या उंच खिंडींत तर जूनच्या उत्तरार्धातही बर्फ असू शकते.

आपल्या लेखात न्यूझीलंडची मिलफर्ड वाट नवशिक्यांना सुचवली आहे. ५३.५ किलोमीटर, चार दिवस, हे बरोबर. पण हंगामात ती एकाच दिशेने चालायची असते आणि तीन रात्री ठरलेल्या तीन निवाऱ्यांत लागोपाठ काढाव्या लागतात. पाय दुखला म्हणून मध्ये एक दिवस थांबू, असे तिथे करता येत नाही. मॅकिनन खिंडीनंतरचा मोठा उतारही तिसऱ्याच दिवशी येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे घरी बसूनच कळायला हवे.

विनंती एवढीच, की यापुढे वाटेच्या माहितीत रोजचा चढ आणि उतार, सर्वांत कठीण टप्पा आणि मधूनच बाहेर पडायला बस, रोपवे किंवा गाडीरस्ता कुठे आहे, हे द्यावे. चार ओळींची जागा लागेल. त्यासाठी एखादा फोटो लहान करावा लागला तरी चालेल.

ताईला मों ब्लाँ नीट पाहायचा आहे. पुढच्या वेळी आम्ही ब्रेव्हाँच्या त्या कड्याशी दुपारभर बसणार आहोत आणि रोपवेने खाली येणार आहोत.

आपली नम्र,
एक नियमित वाचक