लेन चार झाडू नका, मामा

मामा,

काल दुपारी तीन वाजता जाग आली. आईनं दोनदा जेवायला हाक मारली म्हणे, मला पत्ता नाही. उठल्या उठल्या आठवलं की माझे स्पाइक्सचे बूट मैदानावर तुमच्या स्टोअररूममध्ये खिडकीत वाळत पडलेत. मग आठवलं की आठवडाभरात मी सगळ्यांना थँक्यू म्हणालो. सरांना, रिलेतल्या पोरींना, जर्नलच्या आकृत्या काढून देणाऱ्या मैत्रिणीलासुद्धा. तुम्हाला, आमचं मैदान राखणाऱ्या मामांना, तेवढं राहिलं.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुमच्याकडं बटणांचा फोन आहे, पण नात वाचून दाखवेल. 'आलो-गेलो'चं मुद्दाम 'आले-गेले' केलेलं नाही. आपल्या कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसंच ठेवलंय, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कोण पुण्याची पोरगी मला पत्र लिवालीय.

गेल्या आठवड्याचं सांगायचं तर दसऱ्याच्या आधीच्या त्या पहाटेपासून सांगायला लागतं. पावसाळ्यानंतर मैदान नुकतं वाफशाला आलं होतं. मी आदल्या संध्याकाळी एकटीनं ४०० मीटर हर्डल्सची ट्रायल मारून घरी गेलो होतो. सकाळी आलो तर तुम्ही सगळा ट्रॅक झाडून ठेवलेला, फक्त चौथी लेन तशीच. आणि त्या लेनमध्ये माझ्या एकेका पावलाशेजारी फक्कीचा पांढरा ठिपका.

"मोज," एवढंच म्हणालात आणि पाण्याचा पाइप ओढत निघून गेलात.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहा हर्डल्स, म्हणजे अडथळे असतात. सुरुवातीपासून पहिल्यापर्यंत ४५ मीटर, मग प्रत्येक दोघांत ३५, आणि शेवटच्यानंतर ४० मीटर मोकळं पळायचं. मुलींचं हर्डल ७६.२ सेंटिमीटरचं, स्वयंपाकाच्या ओट्याहून जरा बुटकं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषांचं ब्राँझ एका शतांश सेकंदानं हुकलं, ती हीच शर्यत. ५५.४२ हा त्यांचा वेळ आमच्या सरांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे.

तर मी मोजत गेलो. दोन हर्डल्समधल्या पहिल्या पाच गाळ्यांत सतरा-सतरा पावलं. सहाव्या हर्डलच्या पुढं एकदम एकोणीस. आणि हर्डलच्या अलीकडची शेवटची तीन पावलं इतकी दाटीवाटीची, की कोंबडीनं माती उकरल्यासारखं दिसत होतं. तुम्ही परत आलात तेव्हा मी उकिडवा बसून तेच बघत होतो.

"हितनं पुढं दम संपत न्हाई तुझा. भ्यालीस तू."

वर्षभर सगळे मला स्टॅमिना कमी पडतो म्हणत होते. मीपण तेच धरून चाललो होतो. तीनशे-तीनशेचे रिपिटेशन मारून मारून पिंढऱ्यांचा दगड झाला होता, आणि सातव्या हर्डलला गाडी तिथंच अडायची. पळताना मला कळत नव्हतं, सरांना लांबून दिसत नव्हतं. मातीत मात्र सगळं उमटलं होतं, आणि ती वाचणारा माणूस हातात खराटा घेऊन रोज पहाटे तिथून चालत होता.

त्या ठिपक्यांचा फोटो सरांना दाखवला. सर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एकोणीस बंद. सहाव्यापासून पुढं अठरा करायची." बोलायला सोपं. पावलं विषम असली की प्रत्येक हर्डलला तोच पाय पुढं जातो. सम झाली की पाय बदलतो. म्हणजे डाव्या पायानंही हर्डल घ्यायला शिकायचं. वीस वर्षं उजव्या हातानं जेवलेल्या माणसाला डाव्या हातानं आमटी-भात खायला लावा, तसं ते होतं. दोन्ही गुडघे सोलवटले. तुम्ही रोज एक मोडकं हर्डल सुतळीनं बांधून मला द्यायचात. धडकलं तर त्याचं काही जात नाही, म्हणायचात. माझं काय जातंय ते तुम्ही विचारलं नाही, आणि तेच बरं होतं.

आता गेला आठवडा. सोमवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. टायट्रेशनमध्ये एक थेंब जास्त पडला, फिकट गुलाबी व्हायच्या जागी कोकमाचं सरबत झालं, परत रीडिंग घेतलं. मंगळवारी जर्नल सबमिट झालं आणि संध्याकाळी हलका सराव. विद्यापीठाची इंटरझोनल स्पर्धा या वर्षी आपल्या मैदानावर, गुरुवारपासून. कोल्हापूर, सांगली, सातारा, तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं येणार. आणि मंगळवारी रात्री साडेदहाला आभाळ फाटलं. उसाची तोड सुरू झाल्यावर असला पाऊस पडावा, याला काय म्हणायचं?

बुधवारी पहाटे मैदानावर आलो तर पहिल्या वळणावर तळं साचलेलं. स्पर्धा पुढं ढकलायची भाषा सुरू झाली होती. कुणीतरी रोलर आणा म्हणालं, तेव्हा मी तुम्हाला पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं. "ओल्यावर रोलर फिरवायचा न्हाई! माती चिकटून सगळी वर येती." मग तुम्ही कुदळीनं आतल्या बाजूला बोटभर चर मारलात, पाणी हिरवळीकडं उतरवलंत. उरलेलं पाणी जुन्या गादीच्या फोमनं टिपायचं आणि बादलीत पिळायचं. हे काम आम्ही तेरा जणांनी दुपारपर्यंत केलं. फुटबॉलवालेही आले. पेठेतल्या दोन तालमींच्या फुटबॉल टीमची पोरं, जी शाहू स्टेडियमवर एकमेकांकडं सरळ बघत नाहीत, ती एकाच बादलीत फोम पिळत होती.

आणि मग तुम्ही स्टोअररूममधली ताडपत्री बाजूला केलीत. खाली अठ्ठावीस पोती. चाळलेली, कोरडी तांबडी माती. दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावाला गेले होते तेव्हा तुम्ही एकटे चाळत बसला होता. कशासाठी, विचारलं तर म्हणालात, "तालमीत हौद्याची माती अशीच राखून ठेवायची असती. कवा लागंल सांगता येतंय व्हय?" त्या दिवशी मला कळलं की तुम्ही तरुणपणी कुस्ती लढायचात. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या मातीत ज्यानं अंग घासलंय, त्याला ट्रॅकची माती हातात घेतल्यावर किती ओल आहे हे सांगायला यंत्र कशाला लागतंय.

चारला ऊन पडलं, पाचला रोलर फिरला. रात्री हॅलोजन लावून रेषा. पोलादी टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं तुमच्याकडं, मधे सुतळी. लेन १.२२ मीटरची. बाहेरच्या लेनवाल्याला वळण मोठं पडतं म्हणून त्याला पुढं उभं करायचं, हे मला माहीत होतं. पण ते अंतर तुम्हाला पाढ्यासारखं पाठ आहे, हे तेव्हा कळलं. दुसरीला ७.०४, तिसरीला १४.७०, चौथीला २२.३७. सातवीतून शाळा सुटलेला माणूस दशांश चिन्हासकट बोलत होता आणि मी बी.एस्सी.ची पोरगी मोबाईलवर ताळा करून बघत होतो. एकही चुकलं नाही. सहावीला किती, मी विचारलं. "सदतीस सत्तर. त्यात तुझं नाव येऊ दे, चांगली लेन हाय." साडेअकराला तुम्ही डब्यातली भाकरी आणि गुऱ्हाळावरची ताजी काकवी माझ्यापुढं सरकवलीत. स्वतः जेवलात का, ते मी बघितलं नाही. आता लाज वाटते.

गुरुवारी हीट्स निघाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी फायनलला चिठ्ठी निघाली सहाव्या लेनची. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही दुसरीकडं बघितलंत. पाच हर्डल्स सतरा-सतरानं गेली. सहावं उजव्या पायानं घेतलं आणि मोजायला लागलो, सोळा, सतरा, अठरा, आणि सातवं डाव्यानं. कुठंही उकरलं नाही. आठव्याला तोल गेला, हात हवेत फिरला, पण पाय थांबला नाही. दहाव्यानंतरचे चाळीस मीटर मला आठवत नाहीत. १ मिनिट ८.४ सेकंद. आधीच्या माझ्या वेळेपेक्षा तीन सेकंदांनी कमी. दुसरी आलो. पहिली आलेली साताऱ्याची पोरगी माझ्या बरीच पुढं होती, तिची तक्रार नाही. तासाभरानं रिलेत ब्राँझ.

बक्षीस समारंभात पाहुण्यांनी पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबा ब्राँझ घेऊन आले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय आणि दरवेळी अंगावर काटा येतो. मग आभार प्रदर्शन झालं. मंडपवाल्यांपासून पाण्याच्या जारवाल्यापर्यंत सगळे आले, मैदान कुणी केलं ते नाही आलं. मी उठून बोलायला पाहिजे होतं. उठलो नाही. तुम्ही मंडपामागं हर्डल्स एकात एक अडकवत होता. मी मेडल घेऊन आलो तर ते हातात घेऊन वजन बघितलंत आणि खाशाबांचंच बोललात, "मातीत शिकल्यालं ते. ४८ ला लंडनला पहिल्यांदा गादीवर उतरलं, सहावं आलं. दुसऱ्या खेपंला मग गादीबी ओळखीची झाली."

त्या वेळी मला वाटलं, मामा आपल्या तंद्रीत बोलतायत.

शनिवारी आम्ही रिलेच्या चौघी मिसळ खायला गेलो, कट ज्यादा मागून घेतला, नाकातून पाणी येईपर्यंत हसलो. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा एकेक ग्लास. एवढ्या आनंदाचा आठवडा मला दुसरा आठवत नाही. परत येताना सरांचा फोन आला. विद्यापीठाच्या कॅम्पच्या यादीत नाव आहे, तिथून ऑल इंडियाची टीम निघेल. आणि शेवटी म्हणाले, "पुढचं सगळं सिंथेटिक ट्रॅकवर आहे, मातीवर नाही, हे लक्षात ठेव."

तेव्हा तुमचं गादीचं बोलणं डोक्यात शिरलं. सिंथेटिकवर पाय उमटत नाहीत, मामा. तिथं मी आठव्या हर्डलला भ्यालो तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला काही दिसणार नाही.

आठव्याला माझा तोल का गेला ते मला अजून कळलेलं नाही. कॅम्पला जायच्या आधी माझ्याकडं नऊ दिवस आहेत. आज संध्याकाळी येऊन स्पाइक्स घेतो आणि चौथ्या लेनमध्ये एक पूर्ण ट्रायल मारतो. उद्या पहाटे बाकीचं मैदान झाडा, तेवढी लेन ठेवा. फक्कीचा डबा मी भरून ठेवीन. आणि या वेळी डबा दोघांचा आणतो, भाकरी आईच्या हातची, काकवी तुमची.

तुमची,
चार नंबर लेनवाली